तबकडीवादक, शक्तिवर्धक आणि आवाजाचे नियमन
कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली विक्रीस आली. तिच्या वादकातून सर्वांत मोठ्या आवाजाच्या क्षणी सुमारे २ व्होल्टचा संकेत बाहेर पडतो. पुष्कळ शक्तिवर्धकांना पूर्ण शक्तीसाठी १ ते १.५ व्होल्टच पुरतात, आणि निव्वळ शक्तिवर्धकावर आवाजाचे बटण बहुधा नसतेच. ही दोन यंत्रे सरळ जोडल्यास ध्वनिक्षेपकाचे वेटोळे जळण्याचा संभव असतो. म्हणून मध्ये सुमारे १० किलो-ओहमचा बदलता रोध घालतात. त्याचा सरकता स्पर्शक संकेताचा हवा तेवढाच अंश पुढे धाडतो. जुन्या रेडिओचे बटण आत हेच काम करी. रोध लॉगॅरिथमिक जातीचा घ्यावा, कारण कानाला आवाजाची वाढ बेरजेने नव्हे, पटीने जाणवते. शक्तिवर्धक सर्वांत शेवटी, बटण शून्यावर ठेवून सुरू करावा.