आमचा शेऱ्या आणि पाच सुया

'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' हे वाक्य आपण सर्वांनी निबंधात लिहिले आहे. मीही लिहिले होते. आमच्या घरी शेऱ्या नावाचा कुत्रा आहे. रंग तांबडा, एक कान दुमडलेला. आबाजी रात्री वावरात जागलीला जातात तेव्हा तो सोबत जातो. तुरीत रानडुकरं शिरली की आधी त्यालेच समजते. तो कोणाला चावेल असे आमच्या घरी कोणालाच वाटत नव्हते.

पण तो चावला. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याच वर्गातल्या मित्राला. (नाव लिहू नको असे तो म्हणाला, म्हणून लिहीत नाही.) खरे सांगतो, चूक शेऱ्याची नव्हती, माझी होती. आम्ही पोट्टे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मागे त्याला 'छू' म्हणायचो. शेऱ्या भुंकत धावायचा आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी मित्र सायकलवर आला. मी छू म्हटले. तो घाबरला, सायकल टाकून पळाला. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतोच. त्याच्या पोटरीला दोन दात लागले, रक्त आले.

त्याची आजी तिखट घेऊन आली. एक जण म्हणे चुना लावा, दुसरा म्हणे झाडपाल्यावाल्याकडे न्या. तेवढ्यात आमचे गुरुजी आले. त्यांनी कोणालाच काही लावू दिले नाही. मित्राला हापशीवर नेले आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली. घड्याळ पाहून पूर्ण १५ मिनिटे. हापशी मी मारत होतो. हात भरून आले, पण थांबलो नाही.

गुरुजींनी मग वर्गात समजावले. पिसाळण्याच्या रोगाला रेबीज म्हणतात. त्याचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात. साबणाच्या पाण्याने त्यातले पुष्कळ जखमेतच मरतात व वाहून जातात. तिखट-चुन्याने ते मरत नाहीत, उलट जखम चिघळते. हा रोग एकदा दिसू लागला की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून दोन दिवस वाट पाहू, असे करायचे नाही.

धुतल्यावर लगेच सरकारी दवाखान्यात नेले. रक्त आले होते म्हणून जखमेत सीरम नावाचे औषध टोचले आणि लसीची पहिली सुई दंडात दिली. तो दिवस शून्य धरतात. पुढच्या सुया ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. एकूण पाच. एकही चुकवायची नाही. आबाजी सांगतात, त्यांच्या काळी बेंबीजवळ पोटात १४ सुया घ्याव्या लागत. ही लस सर्वप्रथम फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर नावाच्या मुलाला दिली. तो फक्त ९ वर्षांचा होता, म्हणजे साधारण आपल्याएवढाच. तो वाचला.

पाच सुया म्हणजे मित्राच्या आईचे पाच दिवस. कापूस वेचणीचे दिवस होते, तिची पाच दिवसांची मजुरी बुडाली. माझे बाबा ते पैसे घेऊन गेले, तिने घेतले नाहीत. मग मायने तुरीची डाळ पाठवली, ती तिने ठेवून घेतली.

इकडे शेऱ्याला १० दिवस बांधून ठेवले. चावलेला कुत्रा १० दिवस ठणठणीत राहिला तर चावताना त्याला रेबीज नव्हता असे समजतात. पण म्हणून सुई घ्यायला थांबायचे नसते. रोज सकाळी मित्राची आजी आमच्या दारात येऊन विचारायची, "पाणी पेलं काय रे तुमच्या कुत्र्यानं?" मी हाव म्हणायचो. तेवढे ऐकून ती जायची. रात्री मला झोप येत नसे.

आम्ही शेऱ्याला कधी लसच दिली नव्हती. आबाजींना वाटे गावरान कुत्र्याला काय होते! पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस द्यायची, नंतर दरवर्षी, असे ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. आता शेऱ्याचे कार्ड आहे. दिवसा तो निंबाखाली लांब साखळीला असतो, जवळ पाण्याचे टोपले. सारखा बांधलेला कुत्रा चिडका होतो, म्हणून संध्याकाळी मी त्याला दोरीने फिरवतो. पाळलेल्या जनावराची काळजी न घेतल्याने कोणाला इजा होण्याचा धोका झाला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. हे ऐकून बाबा जरा गप्पच झाले.

गावातल्या मोकाट कुत्र्यांचे काय? लग्नाच्या पंगतीतले उष्टे शाळेमागच्या नाल्यात टाकतात, तिथेच ती जमतात. गाडगेबाबांचे लहानपण आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामाकडे गेले. त्यांनी गावोगाव खराटा मारला आणि आपण नाला भरतो. कुत्रा अंगावर आला तर पळू नका, दगड उचलू नका. हात खाली ठेवून झाडासारखे उभे राहा, त्याच्या डोळ्यांत पाहू नका. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ आणि पिल्लेवाल्या कुत्रीजवळ तर जाऊच नका.

मित्राची पाचवी सुई झाली. तो माझ्याशी बोलतो, आम्ही एकाच बाकावर बसतो. पण शाळेत येताना अजून आमच्या घरापुढून येत नाही, मारुतीच्या मागच्या बोळीने येतो.

— इयत्ता ४ थी