जुने औषध, नवा उपयोग

नवे औषध तयार करायला वर्षे जातात व अफाट पैसा लागतो. म्हणून माहितीतल्या औषधाचाच दुसरा उपयोग संशोधक शोधतात. असे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे.

दात काढताना हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन आपल्या परिचयाचे आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी ते स्तनाच्या कर्करोगात वापरून पाहिले. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतील पेशी शरीरात पसरू नयेत, हा हेतू. २०११ पासून ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती हे इंजेक्शन दिले; बाकी उपचार सारखेच.

२०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या. बँकेत आकडेमोड करणाऱ्या आम्हाला हा हिशेब थक्क करतो : शंभर रुपयांच्या आतला खर्च आणि शंभरात जवळजवळ चार जीव!

मात्र हे औषध शस्त्रक्रियेची जागा घेत नाही; आणि शस्त्रक्रिया झाल्यावर ही संधी उरत नाही. म्हणून घरात अशी वेळ आल्यास डॉक्टरांना आधीच विचारावे. स्वस्त म्हणून कमी लेखू नये, ऐकीव म्हणून स्वीकारू नये. पारखून घ्यावे, हाच आपण यातून घ्यावयाचा धडा.