आमटी-भात आणि बारा बाटल्या

प्रश्न : आम्ही दोघं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गेल्या वर्षी एका वाइन क्लबचं सदस्यत्व घेतलं. पहिली पेटी जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाली आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रेड वाइनच्या बारा बाटल्या दारात येतात. आठवड्याला साधारण एक बाटली उघडतो. पहिल्या रात्री निम्मी संपते, उरलेली दोन दिवसांत आंबूस होते आणि शेवटी सिंकमध्ये जाते. शिवाय आमचं जेवण म्हणजे आमटी-भात, उसळ, कधी चिकनचा रस्सा. त्याबरोबर ही वाइन कडू आणि जहाल लागते. ऑफिसातल्या इंग्रज मंडळींना मात्र त्याच बाटल्या आवडतात. आमचं काही चुकतंय, की वाइनच सुमार येते? आणि पुण्यात आई-बाबांना असं काही लावून देता येईल का? बाबांना हौस आहे.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : वाइन सुमार असेलच असं नाही. पेटी भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचं ताट नव्हतं, एवढंच. त्याच्यासमोर होता रविवारचा भाजलेला मांसाचा तुकडा, वर मीठ-मिरपूड आणि बाजूला बटाटे.

द्राक्षाच्या साली-बियांमधून आणि ओकच्या पिंपातून रेड वाइनमध्ये टॅनिन उतरतं. जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसलाच हा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं होतं. समोर मांसाची प्रथिनं, चरबी आणि मीठ असलं की त्याची धार बोथट होते. तुमच्या आमटीत मात्र गूळ असतो. गोड घासानंतर वाइनचा आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही उघडे पडतात. मिरचीचं दुखणं वेगळंच. ती जिभेवरच्या ज्या नसांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. साडेचौदा टक्क्यांची वाइन आणि झणझणीत रस्सा एकत्र आले की आग लागणारच.

खात्री करायची तर एका संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून हे करून बघा. ग्लासात तीन घोट वाइन घ्या. आधी नुसता एक घोट. मग काकडीची चकती मीठ-लिंबू लावून खा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाइन मऊ, गोडसर भासेल. आता गुळाचा लहानसा खडा चघळून घोट घ्या. तोंड वाकडं होईल. बाटली तीच, वर्ष तेच, किंमतही तीच.

तेव्हा पेटी बदलून घ्या. बहुतेक क्लब बाटल्या बदलून देतात. सदस्य विचारत नाहीत म्हणून ठरलेला संच निमूट येत राहतो. कमी टॅनिनच्या, साडेबारा-तेरा टक्क्यांच्या बाटल्या मागा. फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे द्राक्षाची वाइन, पिनो न्वार, इटलीतली बार्बेरा. बार्बेराला अंगचा आंबटपणा चांगला असतो, त्यामुळे चिंच-कोकमाच्या आमटीपुढे ती फिकी पडत नाही. काबर्ने सोव्हिन्यों आणि माल्बेक घरात असतीलच, त्या सुक्या मटणासाठी किंवा खिम्यासाठी राखून ठेवा. तांबड्या रश्श्याबरोबर कोणती, असं विचारू नका. त्या दिवशी वाइन न उघडणं हेच उत्तम.

दुसरी गोष्ट उष्णतेची. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हा नियम हिटर नसलेल्या, गार भिंतींच्या घरांतला आहे. भारदस्त रेड वाइनला 15 ते 18 अंश सेल्सिअस पुरतात, हलकीला 12 ते 14. तुमच्या हिटर लावलेल्या घरात वीस-एकवीस अंश सहज असतील आणि बाटल्या स्वयंपाकघरात ओव्हनशेजारी असतील तर त्याहून जास्त. वाइन कोमट झाली की आधी अल्कोहोलचाच भपकारा नाकात शिरतो आणि बाकीचे वास मागे पडतात. उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हलकी असेल तर थोडा आणखी वेळ. ‘रेड वाइन फ्रिजमध्ये?’ म्हणून कुणी भुवया उंचावल्या तर खुशाल उंचावू द्या.

उरलेली वाइन आंबते ती हवेमुळे. प्राणवायूशी गाठ पडली की आधी फळाचा वास मरतो आणि मग व्हिनेगर करणारे जिवाणू कामाला लागतात. यावर यंत्रं मिळतात, पण मला एक साधा उपाय जास्त पसंत आहे. फिरकीचं झाकण असलेली 375 मिलिलिटरची एक रिकामी बाटली स्वच्छ धुऊन हाताशी ठेवा. नवी बाटली उघडली की पहिला ग्लास भरायच्या आधीच तिच्यातली निम्मी वाइन या छोट्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत ओता, झाकण घट्ट लावा आणि बाटली फ्रिजमध्ये टाका. आत हवेला जागाच नाही, त्यामुळे चार-पाच दिवस ती छान राहते. जेवणानंतर उरलेली ओतून ठेवण्यात अर्थ नाही; तोवर हवा लागून गेलेली असते.

आता पैशांकडे येऊ. ब्रिटनमध्ये वाइनवरचं उत्पादन शुल्क बाटलीच्या किमतीवर नसतं, अल्कोहोलच्या प्रमाणावर असतं. तेरा टक्क्यांच्या बाटलीवर ते तीन पौंडांच्या आसपास जातं, वर 20 टक्के व्हॅट. म्हणजे आठ पौंडांच्या बाटलीतले साधारण सव्वाचार पौंड सरकारचे. उरलेल्या पावणेचारात काच, बूच, जहाजभाडं, क्लबचा नफा आणि हो, वाइनसुद्धा. बारा पौंडांची बाटली घेतलीत तर व्हॅट दोन पौंड होतो, शुल्क मात्र तेवढंच राहतं, आणि हातात सात पौंड उरतात. किंमत दीडपट, पण वाइनच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट. तुमची निम्मी वाइन तशीही सिंकमध्ये जाते आहे. तेव्हा बाराऐवजी सहा बाटल्या मागवा आणि जरा बऱ्या मागवा.

निम्म्या किमतीची पहिली पेटी हे आमिष असतं, हे तुम्ही ओळखलं असेलच. दुसरी खोच कमी लोकांच्या लक्षात येते. काही बाटल्या खास क्लबसाठीच भरलेल्या असतात, त्या लेबलची वाइन दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. मग ‘मूळ किंमत 15, तुम्हाला 9’ यातले पंधरा पडताळणार कशाशी? यात बेकायदा काही नाही, पण सवलतीचा आकडा बघून खूश होऊ नये.

सगळे क्लब एका माळेचे मणी नाहीत. तिथली ‘वाइन सोसायटी’ 1874 सालची. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी आलेली पोर्तुगीज वाइनची पिंपं तळघरात पडून राहिली. ती खपवायला इमारतीच्या वास्तुकारांनी, मेजर जनरल हेन्री स्कॉट यांनी, जेवणावळी घातल्या. लोकांना वाइन आवडली आणि त्यातून सभासदांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. ती आजही सहकारीच आहे. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला याचं कौतुक वाटायला हरकत नाही.

पुण्याचं गणित वेगळं. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि वाइन प्यायलाही परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. मे 2020 मध्ये टाळेबंदीत घरपोच विक्रीला मुभा मिळाली होती. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर रान उठलं आणि तो अडकला. इंग्लंडहून पेटी लावून द्यायच्या भानगडीत पडू नका.

बाबांचा आधी आजीवन परवाना काढून द्या आणि पेटी त्यांना स्वतःच्या हाताने भरू द्या. नाशिकच्या दोन-तीन वायनरींची शिराझ आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची सांजोवेसे अशा चार-पाच बाटल्या परवान्याच्या दुकानातून आणायच्या आणि एक संपल्यावरच दुसरी उघडायची. प्रत्येकीबद्दल वहीत दोन ओळी लिहिल्या तर पुढची खरेदी सोपी जाते. बाटल्या माळ्यावर किंवा गॅसजवळच्या कपाटात नकोत. एप्रिल-मेच्या पुण्यात त्या आतल्या आत शिजतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवायच्या आणि प्यायच्या वीसेक मिनिटं आधी बाहेर काढायच्या.

‘रेड वाइन हृदयाला चांगली’ असं बाबा म्हणतील. औषध म्हणून पिऊ नका, असं त्यांना सांगा. थोडीसुद्धा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. हौस म्हणून अर्धा ग्लास घ्यायचा की नाही, हे मग त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि सुट्टी काढून इकडे येणार असाल तर डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत या. युरोपात द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, त्यामुळे नाशिकला वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. त्या दिवसांत वायनरीत ट्रॅक्टरमधून क्रेटच्या क्रेट येत असतात. बाबांना घेऊन जा आणि चाखायच्या टेबलावर बसायच्या आधी वेलीवरचं शिराझचं एक द्राक्ष मागून खा, सालीसकट, बी चावून.