प्रवाळाला जागा देताना

टाकीचा फोटो मिळाला, पोरी. झेनियाची उघडझाप बघत बसावीशी वाटते खरी, पण तिच्या बुंध्याला मागचा मोठा दगड टेकलाय, तो आजच सोडव. मऊ प्रवाळाला आवर घालायचा तो जागा देताना. कात्री फार नंतर येते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

प्रत्येकाची पसरायची रीत वेगळी. ग्रीन स्टार पॉलिप जांभळी चटई अंथरत पुढे सरकतं. दगड भेटला की दगडावर, काच भेटली की काचेवर. मोकळ्या वाळूत मात्र त्याला सहसा पाय रोवता येत नाही. म्हणून त्याला वाळूत एकटा दगड द्यायचा आणि भोवती वीतभर जागा रिकामी ठेवायची. काचेवर चढलंच तर कडेखाली जुनं प्लास्टिकचं कार्ड सारून हळूहळू सोल. जांभळा तुकडा मागे राहिला की तिथून पुन्हा फुटतं.

झेनियाला ओरबाडू नकोस. बुंध्याचा अंश दगडावर राहतोच आणि त्यातून नवी उभी राहते. तिच्या पायथ्याशी एक छोटा सुटा दगड टेकवून ठेव. ती आपणहून त्यावर पाय टाकते. नीट चिकटली की जोडणारा धागा काप आणि तो दगडच बाहेर काढ.

केनिया ट्री सरकत नाही, फांद्यांची टोकं गाळतं. ती वाहत जाऊन प्रवाह मंद असेल त्या कपारीत रुजतात. पाणी बदलायच्या दिवशी दगडांच्या मागे टॉर्च मारायची सवय लाव. नखाएवढं असताना चिमट्याने सहज निघतं.

मशरूम हे खरं तर वेगळ्या कुळातले, पण दुकानात मऊ प्रवाळांबरोबरच मिळतात. त्यांना टाकीत कापू नकोस, तुकड्यातुकड्यातून नवा जीव उभा राहतो. दगड निघत असेल तर बाहेर काढून मशरूमखालचा कपचाच छिन्नीने उडव. निघत नसेल तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा घट्ट लगदा सिरिंजने त्याच्यावर घाल. पानाच्या ठेल्यावरचा चुना नको. आधी पंप बंद कर, हातात मोजे घाल आणि एका वेळी दोन-तीनच घे, नाहीतर पाण्याचा पीएच भसकन वर जातो.

आता नीट ऐक. झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं. 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं काढलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. 'दगड उकळून स्वच्छ करू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. त्या वाफेने घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. गरम पाणी नको, कोरडा ब्रश नको, टाकीबाहेर घासणं नको. मोजे आणि गॉगल हवेतच, हाताला जखम असेल तर कामच पुढे ढकल. लहान मुलं त्या खोलीत नसावीत. काम करताना श्वास लागला, छाती भरून आली किंवा तोंडाला विचित्र चव आली तर वाट न बघता दवाखाना गाठ आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिनचं नाव सांग.

लेदर कोरल कापलंस तर त्याच दिवशी ॲक्टिव्हेटेड कार्बन बदल. जखमेतून जे रस पाण्यात उतरतात ते शेजारच्या कठीण प्रवाळांना बाधतात. खाणं थोडं कमी केल्यानेही या मंडळींचा वेग उतरतो, पण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या नादी लागू नकोस.

जास्तीचे तुकडे ओळखीच्या छंदिष्टाला दे. मालवणला जाताना 'समुद्रात सोडून देऊ' हा विचार चुकूनही मनात आणू नकोस. युनोमिया नावाच्या झेनियाच्या नात्यातल्या प्रवाळाने व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात मूळच्या प्रवाळांवर अक्षरशः चादर ओढली आहे, आणि त्याचा उगम ॲक्वेरियमच्या व्यापारात असल्याचं मानलं जातं. टाकीचं पाणीही खाडीत ओतू नकोस. कुणालाच नको असलेले तुकडे पातळ ब्लीचमध्ये दिवसभर बुडवून, पिशवी बांधून कचऱ्यात टाक. ब्लीचची बादली बाल्कनीत ठेव, बंद बाथरूममध्ये नको.