गाळाने अडवलेला समुद्र



ॲटलासमध्ये तुर्कस्तानचा नकाशा काढा. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, एजियन समुद्रापासून थोडे आत, बाफा नावाचे सरोवर दिसेल. त्याच्या पूर्वेकडील काठावर, लात्मोस डोंगराच्या पायथ्याशी, कापिकिरी हे लहानसे खेडे आहे. आज आपण या खेड्याला भेट देऊ.

हे गाव वसले आहे ते हेराक्लिया या प्राचीन ग्रीक नगराच्या अवशेषांत. घरांच्या मागे प्रचंड धोंडे आणि त्यांवरून चढत गेलेला सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा, बुरुजांचा तट दिसतो. तो सुमारे 2300 वर्षांपूर्वीचा आहे. एका उंचवट्यावर अथेना देवीच्या मंदिराच्या भिंती चुन्याशिवाय, केवळ घडीव दगडांवर दगड रचून उभ्या आहेत. गावची शाळा उभारली गेली तीही जुन्या बाजारचौकातच! काठावरच्या खडकात कोरलेल्या थडग्यांपैकी काही तर पाण्यात बुडाली आहेत.

आता एक कोडे पाहा. सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, की हेराक्लिया येथे जहाजे नांगरण्याची जागा होती. पण आज तर समोर चहूकडून वेढलेले सरोवर आहे. मग समुद्रातली जहाजे येथे येत कशी? सरोवराचे पाणी चाखले तर सुगावा लागतो. ते मचूळ आहे. येथे बोय आणि वाम हे समुद्राशी नाते असलेले मासेही सापडत आले आहेत. बाफा हे मुळात सरोवर नव्हतेच, ते एजियन समुद्राचे आखात होते.

आखात कोणी बुजवले?

हे काम केले मेंदेरेस नदीने. तुर्की लोक तिला ‘थोरली मेंदेरेस’ म्हणतात. तिची वळणे इतकी प्रसिद्ध, की नदीच्या नागमोडी वळणाला इंग्रजीत ‘मीअँडर’ हा शब्द तिच्याच ग्रीक नावावरून मिळाला. ही नदी आखाताला येऊन मिळे आणि सोबत डोंगरउतारांवरची माती आणी. उतारांवरचे जंगल तुटून शेती व चराई वाढली, तशी धूपही वाढली.

वाहत्या पाण्यात भोवरे असतात. ते मातीचे कण उचलून धरतात. नदी समुद्राला मिळाली की तिचा वेग मंदावतो, भोवरे विरतात आणि कण खाली बसू लागतात. स्थिर पाण्यात कण किती वेगाने बसेल, याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये दिला. त्यानुसार बारीक कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

आकडे घालून पाहू. 0.02 मिलिमीटर व्यासाचा मातीचा कण सेकंदाला सुमारे 0.36 मिलिमीटर खाली येतो. 10 मीटर खोल पाण्याचा तळ गाठायला त्याला पावणेआठ तास लागतील. कणाचा व्यास दहापट कमी, म्हणजे 0.002 मिलिमीटर केला, तर वेग शंभरपट कमी होईल. या कणाला तळ गाठायला सुमारे 32 दिवस लागतील! तेवढ्यात तो दूर समुद्रात वाहून जायला हवा.

पण येथे मीठ मदतीला येते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत् भार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातील धन आयन हा भार झाकून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे मोठे पुंजके होतात आणि ते लवकर बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आई तुरटी फिरवते, तेव्हाही कणांचे असेच पुंजके होऊन साका खाली बसतो.

बंदरांचे काय झाले?

असा गाळ साचत नदीचे मुख पुढे पुढे सरकले. आखाताच्या काठच्या म्युस या गावाची खाडी गाळाने तुटून तिचे तळे झाले. त्यात डास इतके माजले, की लोक गाव सोडून मिलेटसला गेले, असे पॉसेनियस या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिले आहे. पुढे मिलेटसचीही तीच गत झाली. सर्व वस्तूंचे मूळ पाणी आहे असे मानणारा तत्त्वज्ञ थेलीस याच नगराचा. आज मिलेटसपासून समुद्र आठ-नऊ किलोमीटर दूर आहे. इसवी सनपूर्व 494 मध्ये ज्या लाडे बेटाजवळ आयोनियन ग्रीक आणि इराणी आरमारांची लढाई झाली, ते बेट आता सपाट शेतांमधली टेकडी आहे.

हेराक्लिया आखाताच्या अगदी आतल्या टोकाला होते. गाळाने आखात मध्येच अडवले आणि मागे उरलेला समुद्राचा तुकडा म्हणजेच बाफा सरोवर. नगराचे तट शाबूत राहिले, पण जहाजांची वाट गेली. शत्रूला रोखणाऱ्या भिंती चिखलाला रोखू शकल्या नाहीत. ज्या मातीने बंदरे बुडवली, तिच्यावरच आज कापूस पिकतो, हेही विसरू नका.

करून पाहा

बादलीत चिकणमाती कालवून पंधरा मिनिटे ठेवा. वरचे गढूळ पाणी दोन सारख्या काचेच्या पेल्यांत सारखे ओता. एका पेल्यात मोठा चमचाभर मीठ घाला आणि दोन्ही पेले ढवळा. दर दहा मिनिटांनी दोन्हींच्या मागे छापील कागद धरून अक्षरे कोणत्या पेल्यातून आधी दिसतात, ते वहीत नोंदवा. मग आपल्या गावच्या तलावात पावसाळ्यात येणारा ओढा कोठून माती आणतो, तेही जाऊन पाहा. उतारावर झाडे व बांध असतील तर ओढ्याच्या पाण्याचा रंग कसा असेल?