परसबागेतील गोगलगायींचा बंदोबस्त

पावसाची झड लागली की परसातील वाफ्यांत एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. सायंकाळी टवटवीत दिसणारी कोबीची, मुळ्याची वा झेंडूची रोपे सकाळी जमिनीलगत कुरतडलेली आढळतात, आणि कीड मात्र शोधूनही सापडत नाही. अशा वेळी मातीवर व पानांवर वाळलेल्या चिकट द्रवाची चकचकीत रेघ आहे काय, ते पाहावे. असल्यास हे काम गोगलगायींचे होय.

आपल्याकडे त्यांचे दोन प्रकार उपद्रवी आहेत. एक मऊ, काळपट अंगाची, शंख नसलेली. दुसरी मोठी शंखी गोगलगाय. ही दुसरी मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ साली बेन्सन नावाच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. एका बागेतील ही हौस पुढे देशाला किती महाग पडली, हे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील सोयाबीनवाल्यांनी अनुभवले. उगवते पीक फस्त झाल्याने कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली.

या प्राण्यांत नर व मादी निराळे नसतात. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. शंखी गोगलगाय एका वेळी शंभर-दोनशे अंडी मातीत घालते. ती साबुदाण्यासारखी दिसतात. कोरड्या दिवसांत ती शंखाचे तोंड पडद्याने बंद करून महिनोन्महिने निपचित पडते. म्हणून उन्हाळ्यात ती दिसत नाही याचा अर्थ ती गेली असा नव्हे.

दिवसा त्या विटांचे ढीग, फळ्या, कुंड्यांचे तळ व कुजका पाला यांखाली दडतात. ही आश्रयस्थाने प्रथम हलवावीत. अंडी सापडल्यास चिरडावीत. पाणी सायंकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्री जमीन ओली राहत नाही. त्यानंतर गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट सायंकाळी वाफ्याशेजारी अंथरावे व उजाडताच उलटून, खाली जमलेल्या गोगलगायी साबणाच्या वा मिठाच्या दाट पाण्यात बुडवून माराव्यात आणि खड्ड्यात पुराव्यात. मीठ मात्र वाफ्यात टाकू नये, जमीन बिघडते. हे काम पहिल्या पावसापासून रोज केले पाहिजे. चार दिवस करून सोडल्यास श्रम वाया जातात. वाफ्याभोवती चुन्याच्या भुकटीचा चार बोटे रुंद पट्टा ओढण्याचाही उपयोग होतो, परंतु पावसाने तो भिजला की पुन्हा ओढावा लागतो.

गोगलगाय उघड्या हाताने धरू नये. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी. तिच्या अंगात एका सूक्ष्म कृमीची पिले असू शकतात व ती पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येते. मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये, आणि परसातील पालेभाजी एकेक पान सोडवून वाहत्या पाण्यात धुवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरातील स्त्रियांना आवर्जून सांगावी. परसबाग बहुधा त्यांच्याच हाती असते.

इतके करूनही उपद्रव न आटोपल्यास मेटाल्डिहाइडच्या (२.५ टक्के) गोळ्या वापराव्यात. त्या वेष्टनावर छापलेल्या प्रमाणातच, सायंकाळी, विरळ पसराव्यात. ढीग करू नये. कुत्री व कोंबड्या या गोळ्या खाऊन दगावतात, यास्तव त्या काळात जनावरे व पाखरे परसाबाहेर बांधून किंवा डालून ठेवावीत.