गळाची काठी : घरच्या बांबूची घडण व जुन्या काठीची डागडुजी

महाड व पोलादपूर तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरी गळाची काठी नाही, असे क्वचितच आढळते. परंतु ती नीट घडविलेली व जतन केलेली असते, असे मात्र म्हणवत नाही. बहुतेक जण बेटातून हाताला येईल ती काठी तोडतात, टोकास दोरी बांधतात आणि वर्षभरात ती मोडली किंवा भुंग्याने खाल्ली म्हणजे दुसरी तोडतात. हा विषय किरकोळ आहे, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. तो समज कसा फिटला, ते प्रथम सांगतो.

दिनांक २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडातील असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घरात पाणी शिरले. पुढे चिखल उपसताना तीर्थरूपांची गळाची काठी हाती लागली. दोरे कुजलेले, रोगण पांढरे पडून सुटलेले. पण बांबू शाबूत होता. पावसामुळे ऊन नव्हते, म्हणून घाईने आम्ही ती चुलीवरच्या आढ्यास बांधली. चारच दिवसांत तिच्या दोन कांड्यांना उभ्या चिरा गेल्या. पुराने जे केले नाही, ते आमच्या उतावळेपणाने केले. ती काठी दुरुस्त करण्याच्या निमित्ताने जे शिकावे लागले, तेच येथे लिहीत आहोत.

बांबूची निवड

बांबूचे बळ त्याच्या सालीलगत असते. तेथे तंतूंच्या जुड्या दाट असतात व आत गाभ्याकडे विरळ होत जातात. यावरून दोन नियम निघतात. पहिला, भिंत जाड व पोकळी लहान असा बांबू घ्यावा; म्हणून मेसाची किंवा चिव्याची काठी पोकळ कळकापेक्षा सरस ठरते. दुसरा, साल कधीही तासू नये. पेरांच्या गाठी हाताला बोचणार नाहीत इतक्याच घासाव्यात.

एका वर्षाचा कोंब सरळ व देखणा दिसतो, परंतु तो कच्चा असतो, वाळताच सुरकुततो. तीन ते चार वर्षांची काठी घ्यावी. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी व पेरांना चिकटलेले खपले असतात. पक्क्या काठीवर ते गळून सालीवर दगडफुलासारखे डाग दिसू लागतात. बुंध्याशी सुमारे एक इंच व शेंड्याशी दीड-दोन सूत जाडी असलेली दहा ते बारा फूट काठी आपल्या नद्यांना पुरेशी होते.

तोड व वाळवण

बांबू अमावास्येस तोडावा, असे जुने लोक सांगतात. तिथीपेक्षा ऋतू अधिक महत्त्वाचा आहे. भुंगा बांबूला लागतो तो त्यातील पिठूळ सत्त्वासाठी. सबब पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात तोड करावी. कोंब फुटण्याच्या दिवसांत करू नये. तोडलेल्या काठ्या तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवाव्यात, म्हणजे ते सत्त्व बरेचसे धुपून जाते. नंतर शेंड्याला वजन बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दोन-तीन महिने उलट्या टांगाव्यात. ऊन व चूल दोन्ही वर्ज्य. बाहेरचा भाग आतल्या भागाआधी आकसला की चीर पडते. आमच्या हातून झाले ते हेच.

तोडीविषयी एक कायद्याची गोष्ट सांगणे आमच्या जुन्या पेशास धरून होईल. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. २०१७ साली दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. वनजमिनीवरील बांबूस ही सवलत नाही. बांधावर बेट लावणाऱ्याने हा भेद ध्यानी ठेवावा.

सरळ करणे व बांधणी

वाळलेली काठी वाकडी असल्यास निखाऱ्यांवर चार बोटे उंच धरून सारखी फिरवावी. ज्वाळा लागू देऊ नये. सालीवर तेलासारखी तुकतुकी आली, की वाकाच्या उलट दिशेस किंचित जास्त वाकवून ओल्या फडक्याने पुसावी व निवेपर्यंत तशीच धरावी. एका वेळी एकच वाक काढावा.

यानंतर काठीचा कल पाहावा. बुंधा टेबलावर व शेंडा तळहातावर ठेवून मध्ये हलकेच दाबीत काठी फिरवावी. एका जागी ती आपोआप स्थिर होते. त्या बाजूस खूण करावी व दोरीच्या कड्या त्याच रेषेत बांधाव्यात, म्हणजे मासा लागल्यावर काठी हातात पिळवटत नाही. कड्या पितळी किंवा न गंजणाऱ्या तारेच्या करून घ्याव्यात. बुंध्याकडे त्या दूर दूर व शेंड्याकडे जवळ जवळ असाव्यात. फिरकी वापरावयाची नसेल, तर दोरी नुसती शेंड्यास न बांधता काठीवरून मुठीपर्यंत आणून बांधावी. शेंडा मोडला तरी दोरी हातची जात नाही.

प्रवासास सोयीची दुपदरी काठी हवी असल्यास तांबटाकडून पितळी नळी करून घ्यावी व ती वितळलेल्या लाखेने बसवावी. लाखेस पुन्हा ऊब दिली की नळी सुटते, त्यामुळे पुढील दुरुस्ती सोपी जाते.

कड्यांवर रेशमी धागा ताणून, वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळावा. शेवटच्या आठ-दहा वेढ्यांखाली दुसऱ्या धाग्याचा फासा ठेवून त्यातून शेवट आत ओढून घ्यावा. गाठ कोठेही राहू नये. गाठीतून पाणी शिरते. धाग्यावर प्रथम चपडी लाखेचा पातळ हात द्यावा. परंतु नुसती लाख ओलाव्याने पांढरी पडते. म्हणून तिच्यावर व सर्व काठीवर तेलाच्या रोगणाचे तीन पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा. हे काम वैशाखातच उरकावे. मृगानंतरच्या दमट हवेत रोगण आठवडाभर चिकट राहते.

जुन्या काठीची डागडुजी

जुने दोरे कापून काढावेत, पाते सालीकडे न वळवता. रोगण काचेच्या तुकड्याने खरवडावे व काचकागद नेहमी तंतूंच्या दिशेने, लांबीवर चालवावा. बारीक भोके व पिठी दिसल्यास भुंगा आत आहे असे समजावे; अशी काठी इतर काठ्यांजवळ ठेवू नये. उभी चीर असल्यास ती पुरती वाळल्यावर पाण्यास न विरघळणारा एपॉक्सी डिंक आत भरावा, दोरीने आवळून एक दिवस ठेवावी व नंतर त्या जागी धाग्याचे वेढे द्यावेत. सुताराची सरस येथे उपयोगी नाही. चीर आडवी असेल, तर तंतू तुटले आहेत. तेवढा भाग कापून टाकणेच बरे.

ही विद्या काही केवळ आपलीच नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील कारागीर बांबूच्या पट्ट्या जोडून काठ्या करीत, आणि तो बांबू प्रथम कलकत्त्याहून जात असे. चीनचा बांबू पुढे आला. आपल्या देशाच्या बांबूची योग्यता परक्यांनी ओळखली होती, हे आपण विसरू नये.

नदीचा हिशेब

काठी चांगली झाली म्हणजे मासे वाटेल तसे मारावेत, असा अर्थ नव्हे. काळ नदीवरील वाळण कोंडातील मासे देवीचे मानून कोणी धरीत नाही. म्हणून तेथे मोठे खडस अद्याप दृष्टीस पडतात. उलट, जेथे सुरुंग उडवितात किंवा पाण्यात विष कालवितात, तेथे पिलांसकट डोह रिकामा होतो. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरविले. पहिल्या पावसात वलगणीस चढणाऱ्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात, त्याही सोडाव्यात. गळाने एका वेळी एकच मासा निघतो, आणि लहान असल्यास परत सोडता येतो. हाच या साधनाचा मोठा गुण होय. सावित्रीच्या डोहांत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरून किंवा अंधारात काठाशी बसून गळ टाकू नये.

तीर्थरूपांची काठी आम्ही येणेप्रमाणे दुरुस्त केली. शेंडा कापल्यामुळे ती एक हात आखूड झाली आहे, व चिरांच्या जागी लाल धाग्याचे दोन पट्टे दिसतात. नातवंडे ते कशाचे म्हणून विचारतात, तेव्हा पुराची हकीकत आम्ही सांगतो, आणि चुलीचीही सांगतो. वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी काठी पडून असेल, त्यांनी ती टाकून देण्यापूर्वी एकदा खाली काढून पाहावी, इतकीच विनंती.